स्कूलव्हॅनमधलं माझं बिऱ्हाड

गाडीत राहायला लागलं की सामान कमी होतं आणि किस्से वाढतात. सामान निदान कुणाला तरी देऊन टाकता येतं. किस्से द्यायला समोर माणूस लागतो, आणि नेमका तोच नसतो! म्हणून ते साचत जातात. आज तुम्ही सापडलाय, तर बसा.

मी बावीस वर्षं सोलापुरातल्या एका दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन होते. तळघरातली खोली, खिडकी एकही नाही. "श्वास घ्या, रोखून धरा, सोडा" एवढंच दिवसभराचं बोलणं. लग्न केलं नाही, आईवडील गेले, घरी मी एकटीच.

एकदा तापानं चार दिवस अंथरुणात होते. बरोबरच्या शबानाला कळवलं होतं, तिनं एकटीनं काम ओढलं. पाचव्या दिवशी गेले, तर आमचे मोठे डॉक्टर जिन्यात भेटले. म्हणाले, "काय मॅडम, काल जरा लवकर गेलात का?"

काल!

राजीनामा दिला तेव्हा कारणाच्या जागी मी खरं तेच लिहिलं होतं: "गाडीत राहायला जायचे आहे." डॉक्टरांनी चष्मा काढला. "मॅडम, 'वैयक्तिक कारण' लिहा. नाहीतर मला तुम्हाला वरच्या मजल्यावर, मानसोपचारवाल्यांकडे पाठवावं लागेल!"

\*

जुनी स्कूलव्हॅन घेतली. खिडक्या सहा! आत पलंग करायला सिद्धप्पा सुतार आला.

"सिंगल का डबल?"

"सिंगल."

"आनि पाव्हनं आलं तर?"

"येणार नाहीत."

काम झाल्यावर बघते, तर माझ्या पलंगाखाली ओढून बाहेर काढायचा दुसरा पलंग!

"आसू द्या की," सिद्धप्पा म्हणाला. "लाकूड शिल्लक हुतं."

वर्ष झालं. त्यात कांदे-बटाटे असतात.

\*

निघायच्या दिवशी शबाना गळ्यात पडून रडली. मी थाटात गाडी सुरू केली, पहिल्या चौकात आले आणि लक्षात आलं, जायचं कुठं हे ठरवलेलंच नाही! नोकरी सोडायची, एवढंच इतकी वर्षं घोकत होते. शेवटी शहरातच तलावाकाठी गाडी लावली आणि तिथंच राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी कामाला निघालेल्या शबानानं स्कूटरला करकचून ब्रेक लावला.

"दीदी, तुम गये नै अबी तक?"

"ट्रॅफिक लई होतं गं!"

ती हसली नाही. स्वतःचा डबा माझ्या हातात ठेवला आणि निघून गेली. मग मात्र मी त्याच दिवशी निघाले.

\*

जेऊरला स्टेशनजवळच्या एका वस्तीपाशी थांबले. एक म्हातारबाबा गाडीला पूर्ण चक्कर मारून आले.

"काय इकता, ताई?"

"काही नाही."

"मग तपासनीची गाडी हाय व्हय?"

"न्हाय हो. मी राहते यात."

"आनि घरची मान्सं?"

"कुणी नाही."

बाबांनी टायरवर एक थाप मारली. मग घराकडं तोंड करून ओरडले, "आगं, च्या टाक! इकायला न्हाय, नुसतंच मानूस आलंय!"

\*

पुढं एकदा चादर घ्यायला सोलापूरच्या नवी पेठेत आले. त्याआधी चार दिवस माळावर होते, रेंजही नव्हती, कुणाशी एक शब्द बोलले नव्हते. दुकानात शिरले, तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना! घशातून नुसती हवा.

दुकानदाराचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यानं आधी एक, मग दोन बोटं दाखवून विचारलं: सिंगल? डबल? मीही घाबरून एक बोट वर केलं. मग रंग खुणेनं, भाव खुणेनं, सगळं खुणेनं. शेजारच्या गिऱ्हाइकाला तो हळूच म्हणाला, "मुकी हाय बिचारी, पर नजर लई पक्की." चहासुद्धा पाजला. आता बोलून त्याचा विरस कशाला करायचा? मी हात जोडले, पिशवी घेतली, पायरी उतरले आणि सवयीनं म्हणाले, "बराय, येते हं!"

अजून त्या गल्लीत मी पाऊल टाकलेलं नाही.

\*

आता वळसंगचं सांगते.

तिथं गंगव्वा नावाच्या म्हातारीच्या शेताच्या बांधावर आठ दिवस होते. सत्तरी ओलांडलेली, बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. दोन मुलगे, सुना, नातवंडं, घर कसं भरलेलं. तरी रोज दुपारी भाकरी घेऊन माझ्याकडं यायची. "ऊटा आयता?" म्हणजे जेवलीस का, असं विचारायची आणि उत्तराची वाट न बघता वाढायची. मग गाडीच्या पायरीवर बसून बोलत राहायची. मी ऐकायची. एवढं सलग मी कुणाचं ऐकलं नव्हतं, आणि बहुतेक तीही कुणापाशी एवढं बोलली नव्हती.

नवव्या दिवशी दुपारी मी निघाले, तर गंगव्वा ठेवणीतलं लुगडं नेसून उभी. हातात गाठोडं.

"मलाबी ने की."

"कुठं गं, अव्वा?"

"तू जातीस तितं."

मला वाटलं चेष्टा करतेय. पण ती चढली, पुढच्या सीटवर बसली, गाठोडं मांडीवर घेतलं.

"घरी सांगितलंस?"

"इचारतील की," ती म्हणाली.

मी गाडी अगदी हळू काढली. तिच्या घरावरून गेलो. सून अंगणात कपडे वाळत घालत होती. तिनं वर बघितलं आणि पुढचा कपडा झटकला. गावाबाहेर थोरला मुलगा मोटरसायकलवर समोरून आला. मी थांबले. त्यानं आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, हात वर केला आणि गेला.

गंगव्वा बाजूच्या आरशात बघत राहिली. धूळ उडाली, खाली बसली. मी इंजिन बंद केलं.

तिनं गाठोडं सोडलं. भाकरी काढली, मोडली, अर्धी मला दिली. दोघींनी खाल्ली. मग लुगड्यावरचे तुकडे झटकून म्हणाली,

"फिरव माघारी. म्हशीची धार काढायची हाय."