पंचाहत्तरी, सात महिने आधी

तुम्ही दोघं माझ्या पंचाहत्तरीला जर्मनीहून नगरला आलात, ती हकीकत मीच लिहून ठेवते. तुमच्या बाबांनी सांगितली तर तिच्यात फक्त केक येईल, आणि धाकट्याने सांगितली तर फक्त म्हैस.

तिकडे शाळा चालू असताना मुलांना घरी ठेवलं तर पालकांना दंड होतो म्हणे. कारण सबळ असेल तर मात्र रजा मिळते. घरातलं लग्न, घरातला मृत्यू किंवा आजी-आजोबांचा मोठा वाढदिवस. आपल्याकडे लग्नाचं कोणी उरलं नव्हतं आणि दुसऱ्या कारणासाठी मी तयार नव्हते. म्हणून बाबांनी रजेच्या अर्जाला माझ्या पासपोर्टची प्रत जोडली. जन्मतारीख एक जून, वर्षं पूर्ण पंचाहत्तर.

वर्गशिक्षिकेने रजा दिली ती एका अटीवर. थोरलीने परत आल्यावर आजीच्या वाढदिवसाचं एक पान वर्गात वाचून दाखवायचं, आणि त्यात फक्त स्वतः पाहिलेलं, खरंखुरं लिहायचं. थोरली तेव्हा सात वर्षांची होती. तिने ही अट जेवढी मनावर घेतली तेवढी तिच्या बाबांनी शाळेत असताना एकही घेतली नव्हती. मी त्याच शाळेत शिक्षिका होते आणि ते माझ्याच वर्गात होते, म्हणून खात्रीने सांगते.

एक जूनला सकाळीच ती वही-पेन्सिल घेऊन दारात उभी राहिली. पहिले आले ते दूधवाले.

"आज माझ्या आजीचा वाढदिवस आहे," तिने सांगितलं.

"व्हय? माझा बी आजच हाय," ते दूध ओतता ओतता म्हणाले.

तिने लिहून घेतलं. मग शेजारचे चाचा बागेतला गुलाब घेऊन आले. त्यांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं, आता मुलगा बघतो.

"मुबारक हो, बाई."

"चाचा, तुमचा वाढदिवस कधी?" थोरलीने पेन्सिल सरसावली.

"आजच की, बेटा. माझा, माझ्या मेहुण्याचा, आमच्या अख्ख्या वर्गाचा!"

धाकटा चार वर्षांचा. त्याला यात विशेष काही वाटलं नाही. त्याची काळजी एवढीच, की सगळ्यांना पुरेल इतका केक आहे का.

केक आणायला आम्ही बेकरीत गेलो. बेकरीवाला माझा जुना विद्यार्थी. आकड्यांच्या मेणबत्त्यांचा डबा पालथा करून तो म्हणाला, "बाई, पाच आहे, पण सात संपला. सकाळपासून सगळे सत्तरीतलेच येतायत. एक जून ना! असं करा, इंग्रजी एकचा आकडा न्या, मी वरून क्रीमचं नाक काढून त्याचा सात करून देतो."

उन्हाने घरी पोहोचेपर्यंत नाक गळून पडलं आणि मी पंधरा वर्षांची झाले. बाबांनी त्याचा फोटो काढला. थोरली मात्र हसली नाही. ती वहीतली यादी मोजत होती.

"आजी, एका दिवशी इतकी बाळं झाली? मग दवाखान्यात जागा कशी पुरली?"

बाबांनी मला डोळ्यांनी खूण केली. मी ती पाहिली नाही असं दाखवलं, कारण मुलांच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यावं असं मी आयुष्यभर शिक्षकांच्या बैठकीत सांगत आले. मग सांगितलं, की आमच्या लहानपणी गावात जन्माची नोंद कोणी फारशी करत नसे. जूनमध्ये शाळा उघडली की वडील मुलांना घेऊन हेडमास्तरांपुढे उभे राहत. हेडमास्तर म्हणत, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धर. कान हाताला लागला, की मूल सहा वर्षांचं झालं. जन्मतारीख एक जून. पुढचा!

तुम्ही दोघांनी लगेच हात डोक्यावरून नेले. थोरलीचा कान सापडला. धाकट्याची बोटं टाळूवरच अडकली, तेव्हा त्याने कानच वर ओढून पाहिला.

"म्हणजे एक जून खोटा आहे?" थोरलीने विचारलं.

"खोटा नाही गं. कागदावरचा आहे," मी म्हणाले. हे उत्तर मला तेव्हा बरंच हुशारीचं वाटलं.

"मग मी शाळेत माझ्या बाईंना खोटं सांगितलं."

"अगं, पासपोर्टवर आहे ना? मग झालं!" तुमचे बाबा म्हणाले.

"मला पासपोर्टबद्दल नाही लिहायचं. आजीबद्दल लिहायचंय."

तिने वही मिटली. केक कापला, सगळ्यांनी गाणं म्हटलं, चाचांनी दोन तुकडे घेतले. तिने घासही घेतला नाही. ती मला खोटारडी म्हणाली असती तर मी रागावले असते आणि प्रश्न मिटला असता. पण तिने एवढंच विचारलं, "खरा कधी असतो, आजी?" आणि मला ते माहीत नव्हतं. उत्तरपत्रिकेवर तारीख चुकली तर मी मुलांचा अर्धा गुण कापत असे. स्वतःची तारीख मी कधी कोणाला विचारलीच नव्हती. विचारायला हवं तेव्हा आई होती. ती गेल्यावर शाळेचा दाखला होता, त्यावरच भागत गेलं.

पाच दिवसांनी तुमचं विमान होतं. तिला कोरं किंवा खोटं पान देऊन परत पाठवणं माझ्या मनाला पटेना. म्हणून दुसऱ्या दिवशी गाडी काढून आपण पारनेरकडे निघालो, माझ्या चुलत बहिणीकडे, म्हणजे अक्काकडे. बाबा वाटेत दोनदा म्हणाले, "आई, एका निबंधासाठी?" मी त्यांना समोर बघून गाडी चालवायला सांगितलं.

अक्का माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी. तिला जन्मतारीखच नाही, कारण ती शाळेत गेली नाही. गोठ्याबाहेर खाटेवर बसली होती. धाकटा थेट म्हशीकडे गेला, आणि त्याच्यापुरती सहल तिथे पूर्ण झाली.

"अक्का, मी कधी झाले गं?"

"आता इचारतीस व्हय? इतकी शिकलीस आन् एवढंबी ठावं न्हाई तुला!" अक्का मनापासून हसली. "भोगीच्या दिशी झालीस. सकाळच्या पारी. मी तीळ लावून बाजरीची भाकर थापत हुते, आन् तुझी आई आत वरडाया लागली. भाकर करपली म्हनून मलाच शिव्या बसल्या."

थोरली वहीत भराभर लिहू लागली. भोगी म्हणजे संक्रांतीचा आदला दिवस, हे मी तिला समजावलं. "आणि वर्ष?" तिने विचारलं.

"वर्साचं मला काय कळत न्हाई, लेकरा. पर शाळंत घातली तवा साडेपाचबी भरली नव्हती. हात लई लांब हुते हिचे, माकडावानी. कान घावला, म्हनून घेतली."

थोरलीने बोटांवर हिशेब केला, पुन्हा केला, आणि वर बघितलं. "आजी, तू पंचाहत्तरची नाहीसच. तू चौऱ्याहत्तरची आहेस. खरी पंचाहत्तरी जानेवारीत आहे!"

"म्हणजे रजाही चुकीचीच," तुमचे बाबा कपाळाला हात लावून म्हणाले.

परतीच्या वाटेवर थोरलीने डब्यातला केक मागून घेतला आणि संपवला. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला होता. तरी घरी आल्यावर मी टेबलाशी बसले आणि तिच्या वर्गशिक्षिकेला इंग्रजीत पत्र लिहिलं. नोकरीत असताना मी पालकांच्या खोट्या चिठ्ठ्या परत पाठवत असे, त्यामुळे अशा पत्राची भाषा मला पाठ होती. कळवण्यास खेद वाटतो, की एक जून ही माझी जन्मतारीख नसून आमच्या हेडमास्तरांची सोय आहे. सोबत अक्काचं तोंडी निवेदन, थोरलीच्या हस्ताक्षरात. सबब, खऱ्या वाढदिवसासाठी मुलांना जानेवारीत रजा मिळावी.

"आई, हे पाठवू नकोस. दंड होईल," बाबा म्हणाले. थोरली पाकीट स्वतः शाळेत घेऊन गेली.

थोरलीने ते पान वर्गात वाचलं, दूधवाल्यांपासून करपलेल्या भाकरीपर्यंत. तिच्या शिक्षिकेचं उत्तर मला आलं. पत्र फार नेटकं होतं. त्यात लिहिलं होतं, की पान ऐकल्यावर सगळ्या वर्गाने डोक्यावरून कान धरून पाहिला, दोघांना जमलं नाही आणि त्यातला एक रडला. एक जूनच्या वाढदिवसाला सरकारी कागदाचा पुरावा असल्याने ती रजा योग्यच ठरते. भोगीच्या वाढदिवसाचा कोणताही कागद जोडलेला नसल्याने जानेवारीची रजा देता येत नाही.

मी ते पत्र दोनदा वाचलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच लिहिलं असतं, कदाचित अर्धा गुण कापून. तेव्हा जानेवारीत मीच तुमच्याकडे यायचं ठरवलं आहे. तीळ आणि बाजरीचं पीठ घेऊन येईन. भाकरी तुम्ही दोघांनी थापायची. करपली तर शिव्या मी देईन.