सहा म्हणजे सहा

आमच्या नाट्यगृहाला नाट्यगृह म्हणणारी सुरुवातीला मी एकटीच होते. बाकी सगळा पारोळा त्याला जिनच म्हणायचा. पूर्वी तिथं कपाशीचं जिनिंग चालायचं. ते बंद पडलं आणि पत्र्याची एक लांबलचक शेड उरली. शेडच्या मालकांना सगळे नाना म्हणत. त्यांनी ती आमच्या संस्थेला बिनभाड्याने वापरायला दिली. कागद नव्हता, नुसता शब्द होता. साहजिकच नाना अध्यक्ष झाले. कार्यवाह व्हायला कोणी तयार होईना, म्हणून मी झाले. मी शाळेत भूगोल शिकवत होते, आवाज मोठा होता आणि राग नाकावर होता. संस्था चालवायला एवढं पुरतं, असं मला तेव्हा प्रामाणिकपणे वाटत होतं.

संस्था कशासाठी, हे मीच बसून लिहून काढलं होतं. पहिलंच वाक्य होतं, आसपासच्या गावांतल्या माणसांना चांगलं नाटक बघायला मिळावं. वर्षाला तीन नाटकं आम्ही करायचो. नट सगळे आमचेच, कोणी पोस्टात, कोणी दवाखान्यात कंपाउंडर. मुख्य नट म्हणजे हा कंपाउंडर. नाटकंही बहुतेक तोच लिहायचा. मनाने इतका मऊ, की इंजेक्शन देताना पेशंटच्या आधी हाच डोळे मिटायचा. रंगपटाच्या खोलीला सरकीचा वास यायचा. वासे किती झाडले तरी त्यात अडकलेली रुई नाटक चालू असताना दिव्यांच्या उजेडात तरंगत खाली यायची. मला ते आवडायचं, पण नटांना शिंका यायच्या.

पहिल्या नाटकाच्या वेळी साडेआठला, तिसरा अंक सुरू होता होता, शेडच्या अर्ध्या भागात एकदम गडबड सुरू झाली. कोणी चपला चाचपतंय, कोणी पोरांना हाका मारतंय. दहा मिनिटांत खेड्यापाड्यांतून आलेले सगळे लोक उठून गेले. उरले ते फक्त पारोळ्याचे. मी विंगेत उभी राहून दात-ओठ खात होते. ज्यांच्यासाठी एवढा आटापिटा केला, त्यांनाच शेवटपर्यंत बसवत नव्हतं.

आठवडे बाजारात त्यातले एक जण मला सापडले. वांगी विकायला बसले होते. बसच्या शेवटच्या थांब्याच्या गावचे शेतकरी, सगळे त्यांना आबा म्हणत. नाटकाला पहिल्या रांगेत, सतरंजीवर मांडी घालून बसलेले मी पाहिले होते. मी वांगी निवडता निवडता टोमणा मारला, की नाटक फारच कंटाळवाणं झालेलं दिसतंय, लोक मधूनच उठले. आबांना टोमणा लागला, पण ते चिडले नाहीत.

"नाटक भारी व्हतं बाई," ते म्हणाले. "पन पावणेनऊले शेवटली गाडी शे. ती काय आमना बापनी शे का, थांबाले?"

आणि मग वांगी तराजूत टाकता टाकता त्यांनी विचारलं, की मग शेवटी काय झालं? तिथेच, बाजाराच्या गर्दीत, हातात पिशवी धरून मी त्यांना अख्खा तिसरा अंक सांगितला. सांगताना माझे कान तापले होते. भूगोल शिकवणाऱ्या बाईला शेवटच्या गाडीची वेळ माहीत नसावी, याची लाज वाटत होती.

तेव्हापासून प्रत्येक नाटकानंतरच्या बाजारात ते मला शेवट विचारायचे. तीन वर्षं हे चाललं. दर वेळी मला वाटे, पुढच्या खेपेला काहीतरी करू, आणि दर वेळी काही केलं नाही, हे कबूल करायला हवं. एकदा मी विचारलं, तुमच्यासोबत येणाऱ्या बाकीच्यांना शेवट कोण सांगतं? आबा हसले. "गाडीमा बठ्ठा मियीसन शेवट लाई टाकतस आम्ही," म्हणाले. गाडीत सगळे मिळून शेवट जोडायचे, आणि गाव येईपर्यंत तो ठरायचा. त्यांच्या शेवटात रुसलेली माणसं हमखास घरी परतायची. मला आधी हसू आलं आणि मग रात्रभर झोप आली नाही. इतकी नाटकं झाली, आणि या माणसांनी एकाचाही शेवट पाहिला नव्हता. मग आम्ही ही शेड चालवत होतो कोणासाठी?

दोष गाडीचा नव्हता. आमच्या फलकावर सहाची वेळ असायची आणि पडदा उघडायचा साडेसातला. मधला दीड तास सत्कारांचा. दीपप्रज्वलन, हार, शाल, श्रीफळ, मग ज्यांना श्रीफळ मिळालं त्यांचे दोन शब्द. नानांचे दोन शब्द अर्धा तास चालायचे. मी कार्यकारिणीच्या बैठकीत सांगितलं, पडदा सहाला उघडेल, सत्कार मध्यंतरात, तेही भाषणाशिवाय. सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. शेवटी नाना म्हणाले, बघा करून. असलं काही होणार नाही याची त्यांना खात्री असावी.

पुढच्या नाटकाला मी खरंच सहाला पडदा उघडला. समोर निम्मी शेड रिकामी. आमचं सहा म्हणजे साडेसात, हे गावांनी आता पक्कं ओळखलं होतं, म्हणून सगळे पावणेसातला पोचणाऱ्या गाडीने आले. अंधारात एकमेकांच्या पायावर पाय देत बसायला लागले. तेवढ्यात आमचा कंपाउंडर भर रंगमंचावर बोलायचा थांबला, पुढे आला आणि म्हणाला, या मंडळी, बसा आरामात. मग म्हणाला, तुम्हाला मागचं काय कळणार, आपण पहिल्यापासून करू. आणि त्याने नाटक पहिल्यापासून सुरू केलं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. साडेआठला गावं उठून गेली आणि तिसरा अंक पुन्हा पारोळ्यानेच पाहिला. मी त्याला रंगपटात असं काही झापलं, की तो रंग न पुसताच घरी पळाला. पण नंतर वाटलं, त्याचं काय चुकलं? पाहुण्याला दारात पाहून त्याला गप्प राहवलं नाही, इतकंच.

तेव्हा मी ठरवलं, की हे फलक लिहून होणारं काम नाही. पुढचं नाटक कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत होतं. एका रविवारी मी आबांच्या गावी गेले. त्यांच्या बायकोने कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. ती नाटकाला नेहमी आबांच्या शेजारी बसायची. तोवर ती माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती. जेवण झाल्यावर ओट्यावर दहा-पंधरा माणसं जमली. मी सांगितलं, सहा म्हणजे सहा, दुपारच्या गाडीने या, शेवट बघून शेवटच्या गाडीने परत जा. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दुपारची गाडी धरायची म्हणजे वेचणी अर्ध्यावर सोडून वावरातून निघायचं. आमच्या पडद्यावर कोण भरवसा ठेवणार होतं?

आबांनी जमलेल्यांवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, "मना सब्दवर गाव वावर सोडीसन यी. पडदा सहाले नई उघडना, तं मी गावमा तोंड कसं दखाडू?"

मी म्हटलं, "आबा, सहाला पडदा उघडला नाही, तर मी पुन्हा तुमच्या गावात पाय ठेवणार नाही."

असंच मी आणखी चार गावांत जाऊन सांगितलं. पारोळ्यात परतले तेव्हा घसा बसला होता. शब्द देऊन बसले होते, आता तो पाळायचा होता. कंपाउंडरला बजावलं, प्रत्यक्ष देव आला तरी नाटक थांबवायचं नाही. त्याने मान डोलावली, पण देव आला तर तो थांबला असता हे मला माहीत होतं.

नाटकाच्या दिवशी सव्वाचारला गाडी आली आणि तीतून आबांचं अख्खं गाव उतरलं. काही बायकांच्या लुगड्यांना कपाशीची वाळकी पानं तशीच चिकटलेली होती. साडेपाचला शेड गच्च भरली, आणि गंमत म्हणजे पारोळ्याचेच लोक अजून यायचे होते. तेवढ्यात नाना घाईने आत आले. त्यांनी धुळ्याच्या एका मोठ्या माणसाला बोलावलं होतं. त्याने मनात आणलं तर आमच्या गळक्या पत्र्यांचं काम होणार होतं. तो अजून निघालाय की नाही, हेही कळत नव्हतं. नाना म्हणाले, पंधरा मिनिटं थांबू. आमच्याकडची पंधरा मिनिटं किती लांब असतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी नाही म्हटलं.

नानांचा चेहरा उतरला. पाहुण्याला त्यांनी स्वतः शब्द दिला होता, आणि त्यांच्याही शब्दाला मान होता. मला त्यांची दया आली, पण मी मागे सरले नाही. मग ते आजवर कधी बोलले नव्हते ते बोलले.

"बाई, शेड माझी आहे."

पडद्याला एक भोक होतं. मी त्यातून पाहिलं. पहिल्या रांगेत आबा बसले होते. ते पडद्याकडे बघत नव्हते. शाळेतून आणून मी भिंतीवर लावलेल्या घड्याळाकडे बघत होते. सहाला चार मिनिटं कमी होती.

"नाना, शेड उद्या काढून घ्या," मी म्हटलं. "आजचा पडदा मी सहाला उघडणार."

पडदा ओढणारा माणूस नानांच्या तेलघाण्यावर कामाला होता. त्याने आमच्या दोघांकडे पाहिलं, दोरी सोडली आणि बाजूला जाऊन उभा राहिला. मी तिसरी घंटा स्वतः दिली आणि दोरीही स्वतःच ओढली. पडदा जड होता, दोन्ही तळवे सोलून निघाले. उघडला तेव्हा घड्याळात बरोबर सहा वाजले होते.

पाहुणे पावणेसातच्या सुमाराला आले. नानांनी बॅटरीच्या उजेडात त्यांना मागे नेऊन बसवलं. मध्यंतरात ते शाल-श्रीफळ घेऊन धुळ्याला परत गेले आणि पत्रे पुढेही गळतच राहिले. नाना वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. पण शेड त्यांनी काढून घेतली नाही.

त्या दिवशीचं नाटक कंपाउंडरनेच लिहिलेलं होतं. नवऱ्याने घराबाहेर काढलेली एक बाई. शेवटच्या प्रवेशात ती बोचकं उचलते आणि निघते. कुठे, ते ती सांगत नाही. त्या बाईचं काम करणारी मुलगी शेतकऱ्यांच्या सोसायटीत कारकून होती. काम बरं करायची, पण त्या दिवशी तिला काय झालं होतं कोण जाणे, बोचकं उचलून ती उंबऱ्याशी खरोखरच घुटमळली. आठ वाजून वीस मिनिटांनी पडदा पडला. पारोळ्याच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ते उठले.

खेड्यांतून आलेले लोक उठले नाहीत. दिवे लागले, तरी सगळे पडद्याकडे तोंड करून तसेच बसलेले.  मला वाटलं, आवडलं नाही, फसवणूक झाली असं वाटतंय त्यांना. मी पुढे जाऊन आबांजवळ बसले.

त्यांनी हळूच विचारलं, "संपनं का, बाई?"

मग माझ्या लक्षात आलं. नाटक संपतं म्हणजे काय होतं, हे त्यांच्यातल्या कोणी कधी पाहिलंच नव्हतं. मध्यंतरात पडलेला पडदा पुन्हा उघडायचा, तेवढं त्यांना माहीत होतं. मी हो म्हटलं, संपलं.  आबांनी मागे वळून सगळ्यांना सांगितलं, संपनं. मग माणसं एकेक करून उठायला लागली.

आबांची बायको मात्र दाराकडे गेली नाही. ती रंगमंचापाशी गेली. आमची कारकून मुलगी, तोंडावर रंग तसाच, हातात बोचकं, पडद्याच्या कडेतून लोक गेले का ते बघायला बाहेर आली होती. म्हातारीने तिचा हात धरला.

"आते कोठे जाशी व माय?" ती म्हणाली. "चाल आमना गावले. गाडीमा जागा शे."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिला सांगता आलं असतं, की अहो, माझं घर इथेच, बाजारपेठेच्या मागे आहे.  पण तिने बोचकं काखेत मारलं, खाली उतरली आणि त्यांच्याबरोबर स्टँडकडे निघाली. मी दारातच थांबले.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या खिडकीतून ती मला सांगत होती, की गाडी सुटेपर्यंत म्हातारीने हात सोडला नाही, आणि शेवटी तिला खोटंच सांगावं लागलं की मावशी येणार आहे न्यायला. सांगताना तिला रडू येत होतं. तिच्या खिडकीसमोर आठ-दहा लोक खोळंबले होते, आणि मी त्यांना थांबायला सांगितलं.