गोधडीवरचा लॅपटॉप

मुलुंडला आमच्या सोसायटीत दोन वर्षं एक विनोद चालला. तो मी सुरू केला होता आणि तो खोटा होता.

लॅपटॉप घ्यायचा ठरला तेव्हा मला पातळ, चकचकीत, कीबोर्डाखाली दिवे लागणारा हवा होता. बायकोने दुकानात तीनच प्रश्न विचारले: रॅम किती, एसएसडी आहे का, बॅटरी किती तास चालते. मग तिने कोपऱ्यातला राखाडी, जाडसर लॅपटॉप उचलला. "वीजबिल भरायचंय आणि बोरिवलीला नातीशी बोलायचंय. दिवे कशाला हवेत?"

आमच्याकडे टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक आणि मिक्सरला झबलं असतं. लॅपटॉपच्या बुडाला चरे पडू नयेत म्हणून मी जुन्या गोधडीची घडी करून तिच्यावर तो ठेवायचो. काही महिन्यांत तो तापायला, घरघरायला आणि मधेच बंद पडायला लागला. मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये म्हणालो, "आमच्या हिची निवड. लॅपटॉप कम इस्त्री." सगळे हसले. तीही हसली, थोडीशी.

दुरुस्तीवाल्याने खालचं झाकण उघडलं आणि चिमट्याने पंख्यातून कापसाची बोटभर वात ओढून काढली. "काका, गादीवर ठेवता का? याला हवा खालून लागते. बाकी वस्तू झकास आहे."

घरी येऊन मी सांगितलं, माल हलका होता, मी पंखा बदलून आणला. गोधडी गुपचूप माळ्यावर टाकली. लॅपटॉप तेव्हापासून नीट चालतोय. श्रेय मला मिळालं.

यंदा नातीला पार्ल्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. ती बायकोला म्हणाली, "आजी, बजेट कमी आहे. लॅपटॉप निवडायला तूच चल ना."

बायको गवार मोडत होती. मान वर न करता म्हणाली, "आजोबांना ने गं. मी निवडलेले तापतात."

गेली दोन वर्षं साधा चार्जर घ्यायलाही ती मला पुढे करत होती, हे मला तेव्हा उमगलं. मी तिथेच सगळं सांगून टाकलं.

"आजोबा, काय हे यार," नात म्हणाली.

बायकोने गवारीची परडी बाजूला ठेवली. "म्हणजे पंखा बदललाच नव्हता?"

"नाही."

"आणि माझी गोधडी? केव्हाची शोधतेय मी."

"माळ्यावर आहे."

"आधी ती उतरवा. मग मीटिंगमध्येही हे सांगायचं, तुमच्याच तोंडाने."

उतरवली. मीटिंगमध्येही सांगितलं. आता सोसायटीत इस्त्री माझ्या नावावर आहे.

रविवारी आम्ही तिघं दुकानात गेलो. बायकोने तिचे तीन प्रश्न विचारले आणि मग चौथा: "याला हवा कुठून लागते?"

विक्रेत्याने लॅपटॉप उलटा करून तिला जाळी दाखवायला घेतली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "यांना दाखवा."

मी चष्मा लावला आणि वाकून नीट पाहिलं.