लान्स नाईक आहेरचा जबडा

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी नाशिकजवळच्या एका छावणीत होतो. हवालदार, डेंटल सर्जनचा ऑपरेशन असिस्टंट. सकाळी साडेसातला अवजारं उकळायची, आठला पहिला पेशंट.

लान्स नाईक रामदास आहेर नामपूरचा, वय सत्तावीस, तोफखान्याचा. खालच्या जबड्यावर उजवीकडे सूज. युनिटच्या दवाखान्यातून, एमआय रूममधून, त्याला तीन वेळा दुखण्याच्या गोळ्या देऊन परत पाठवलं होतं. प्रत्येक वेळी कागदावर एकच शेरा: ड्यूटी फिट.

"उस्ताद, दात नही," तो जबड्यावर बोट ठेवून मला म्हणाला, "आठे हाड दुखस."

एक्स-रे काढला. अक्कलदाढेखाली लिंबाएवढी काळी सावली. सिस्ट. पाण्याने भरलेली पिशवी हाड आतून पोखरत होती. आमच्या सर्जन मेजर मॅडमनी फिल्म उजेडात धरली.

"पू व्हायला लागलाय. हिरडी उघडायची, हाडाला खिडकी पाडायची, पिशवी अख्खी काढायची. तासाभराचं काम. उद्या सकाळी घेऊ."

त्याच दुपारी आहेरच्या युनिटच्या सुभेदार मेजरचा फोन आला. मी उचलला आणि मॅडमना दिला. इन्स्पेक्शनचं फायरिंग होतं, माणसं कमी होती.

मॅडम म्हणाल्या, "तो अनफिट आहे. मी लेखी देते."

"मॅडम, दातच आहे ना? चार दिवसांनी काढा."

मॅडमनी लेखी दिलं. तासाभरात वरून हुकूम आला आणि संध्याकाळी आहेरला गाडीत बसवून नेलं. गाडीपर्यंत मी त्याच्यासोबत गेलो. त्याच्या हातात अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. त्याहून जास्त मी काही केलं नाही. वरून आलेल्या हुकमाला सॅल्यूट मात्र ठोकला.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी फायरिंग रेंजवरून वायरलेस आला.

"एक कॅज्युअल्टी. मान सुजलीय. तोंड उघडत नाही. ओव्हर."

"श्वास चालू आहे? ओव्हर."

"आवाज येतोय. घरघर. ओव्हर."

अँब्युलन्स त्याला घेऊन आमच्याकडे पोचली तीन वाजता. जिभेखाली पू पसरून जीभ टाळूला टेकली होती. ओठ निळे. आडवा केला की गुदमरायचा, म्हणून मी त्याला बसवून धरलं. मॅडमनी गळ्याला छेद देऊन नळी घातली. मग जबड्याखाली चीर दिली. पू निघाला, पिशवीही निघाली. पण विष रक्तात गेलं होतं. सहा वाजून वीस मिनिटांनी तो गेला. माझ्या मनगटावर त्याच्या बोटांचे वळ होते.

चौकशी बसली. चौकशी करणारे साहेब मला म्हणाले, "जबानीतून फोनचा उल्लेख गाळ. सही कर."

"नाही, सर. फोन आला होता. मीच उचलला."

माझं प्रमोशन तिथेच थांबलं. सुभेदार मेजर सन्मानाने रिटायर झाला. अहवालात लिहिलं: आजाराने मृत्यू.

बॉडी घेऊन मी नामपूरला गेलो. त्याच्या बायकोने विचारलं, "भाऊ, दातमुळे मानूस मरस का?"

मी म्हणालो, "नाही, ताई. दाताने नाही मरत." पुढचं बोलायची हिंमत झाली नाही. त्याबद्दल मला आजही माझीच चीड येते.

युनिटच्या दगडावर लढाईत पडलेल्यांची नावं कोरली आहेत. त्यात हे नाव नाही. तासाभराचं ऑपरेशन ज्याला मिळालं नाही, तो लान्स नाईक रामदास आहेर. मी त्याला पडलेल्यांतच मोजतो.