कुंदाताई आणि न झालेली दुसरी बैठक

कुंदाताई गेल्याचं मला क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. तो ग्रुप मी कित्येक वर्षं म्यूट करून ठेवलाय. सोडला नाही, कारण सोडला की सगळ्यांना दिसतं आणि मग फोन येतात. मी शांती नगरमध्ये भाजीवाल्यासमोर उभी होते. तो विचारत होता, "मॅडम, पालक लेना है कि नहीं?" आणि मी स्क्रीनकडे बघत होते. 'आपल्या सर्वांच्या लाडक्या कुंदाताई पाटील यांचे आज पहाटे हृदयविकाराने निधन.' त्याखाली पहिलंच उत्तर सरांचं होतं. जोडलेले हात, आणि 'मावशी, तुमची उणीव कधीच भरून निघणार नाही.' मला रडू आलं नाही. राग आला. आज काही आठवड्यांनी हे लिहितेय, तरी तो गेलेला नाही, आणि घालवायची मला घाईही नाही.

ज्यांना ताई माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. कुंदाताई भाईंदरमधल्या गोडदेव गावच्या. वडिलांची मिठागरं होती, ती गेली, तिथे इमारती आल्या आणि त्या इमारतींच्या मधोमध कसंबसं एक मैदान उरलं. त्या मैदानावर ताई मुलींना कबड्डी शिकवायच्या. आम्ही गिरगावातून मिरा रोडला आलेलो. मी इंग्रजी शाळेतली, घरात मराठी बोलणारी आणि बाहेर शक्यतो काहीच न बोलणारी. कॉलेजच्या पहिल्या वर्षी एका मैत्रिणीबरोबर मी मैदानावर गेले. पायात वेग होता, पण चढाईला गेले की 'कबड्डी कबड्डी' तोंडातल्या तोंडात. पंचाला ऐकू येईना, तो मला बाद द्यायचा. ताई रेषेपाशी उभ्या राहून ओरडल्या, "अगं, दम घेतंस का चोरून चहा पितंस? मना ऐकू येऊ दे!" सगळ्या हसल्या. मी पण हसले... लोकांनी हसलेलं मला सहन झालं ते बहुतेक त्या मैदानावरच पहिल्यांदा. सगळ्या मुली त्यांना 'अगं ताई' म्हणायच्या. मला कधी जमलं नाही. "मना तुमी-बिमी बोलू नको गो, म्हातारी झाल्यासारखं वाटतंय," असं त्या कितीदा म्हणाल्या, पण मी शेवटपर्यंत तुम्हीच म्हणत राहिले.

सर म्हणजे ताईंच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. चांगला खेळाडू होता, ताईंनीच त्याला ट्रेनर म्हणून क्लबात आणलं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाहीये. त्याला वाचवायला नव्हे. निकाल नाही तोवर नाव नाही, असं ताईंचं म्हणणं होतं आणि त्यांच्यावरच्या लेखात तरी मी ते मोडणार नाही. ज्युनिअर गटात वजनाची मर्यादा असते. स्पर्धेच्या आधी काही दिवस सगळ्यांची वजनं घ्यायची, जिचं जास्त तिला पळवायचं, जेवण कमी करायला लावायचं. वजनाचा काटा मॅट ठेवायच्या खोलीत होता आणि वजनं सर घ्यायचे. एकेकीची, दार लावून. त्या खोलीत माझ्या बाबतीत काय झालं ते मी इथेही लिहिणार नाही. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगितलेलं आहे.

पहिल्यांदा सांगितलं ते ताईंना, त्यांच्या घरी, ओट्यावर बसून. मला शब्दच सापडेनात. आमच्या घरी असलं काही मराठीत बोललंच गेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "इंग्रजीत बोल, हिंदीत बोल, कशात पन बोल. मना न्हाय कळलं तर परत विचारीन." मी अर्धं इंग्रजीत सांगितलं. त्यांनी खरंच परत परत विचारलं. मध्ये एकदाही 'अरे देवा' केलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "तो माझा भाचा हाय. म्हनून ह्याच्या चौकशीत मी बसनार न्हाय. पन चौकशी होनार. आन ती संपेपर्यंत तो पोरींच्या मैदानावर दिसनार न्हाय." पोलिसांत जायचं का ते मी ठरवायचं, गेले तर त्या बरोबर येणार, नाही गेले तरी क्लबाला त्याचं काम करावंच लागेल, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. घरी आई पोलिसांचं नाव काढल्यावर पांढरी पडली. मी गेले नाही.

क्लबचे अध्यक्ष गावातले मोठे. त्यांनी मला समोर बसवून समजावलं, "पोरी, ही कबड्डी हाय, कॅरम न्हाय. हात लागतोच." ताई माझ्या शेजारीच होत्या. म्हणाल्या, "मैदानावरचा हात अख्ख्या गावाला दिसतो, भाऊ. त्या खोलीचं दार कनाला लावायचं, तेवढं सांगा." अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं. मग ताईंनी हट्टच धरला : क्लबच्या बाहेरची माणसं घ्या, एक वकील बाई घ्या, मुलाला आरोप काय ते लिहून द्या, त्याचं उत्तर घ्या, ते मुलीला दाखवा. गावात लोक बोलायला लागले. कोणी म्हणे मावशीच भाच्याच्या जिवावर उठली. माझ्या बाजूचे म्हणत, भाच्याला वाचवायला वेळ काढतेय. एकाच बाईबद्दल, एकाच आठवड्यात.

मी स्वतःही दुसऱ्यांपैकीच होते. माझ्या मैत्रिणीने सरांचा फोटो लावून एक पोस्टर बनवलं होतं, खाली लाल अक्षरांत नको ते लिहून. शांती नगरच्या सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एका बोटाने गेलं असतं. मी ते ताईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं.

"हे टाकलंस तर तो सुटेल," म्हणाल्या.

"कसा सुटेल?"

"मग सगळी ह्या कागदावर बोलतील. बदनामी केली, बदनामी केली. खोलीवर कोनी बोलनार न्हाय."

"तुमचा माझ्यावर विश्वास आहे की नाही?"

"हाय. पूर्न हाय. पन माझा विश्वास म्हंजे निकाल न्हाय. मी त्याची मावशी हाय, तुझी ताई हाय, मी कोन निकाल देनारी? त्याला बी त्याचं बोलायला मिळालं पायजे, आन ते बोलून झाल्यावर बी जे उरंल ना, ते कोनी पुसू शकनार न्हाय."

मला ते अजिबात आवडलं नाही. ज्याला मी बघूही शकत नव्हते त्याला बोलायला का मिळावं? पोस्टर टाकलं नाही, पण घरी येऊन दार आपटलं.

शेवटी ताईंच्या हट्टाने समिती नेमली गेली आणि तिची पहिली बैठक झाली. वकील बाईंनी मला वेगळं बसवून ऐकलं आणि नंतर सरांचं उत्तर माझ्या हातात दिलं. मी सांगितलं होतं की ते रविवारी झालं. सरांनी लिहिलं होतं की त्या रविवारी ते दिवसभर डोंगरीला लग्नात होते, फोटो आहेत, हवे तर बघा. जिन्यात ताई भेटल्या तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा कोणावर तरी ओरडले. "बघा, मिळालं त्याला बोलायला! आता मी खोटारडी!" ताई एक पायरी खाली उतरून माझ्यासमोर उभ्या राहिल्या, म्हणजे डोळे एका उंचीवर येतील. "आठव. रविवारीच का?" त्या रागातच मला आठवलं... त्या दिवशी बाबा सकाळी बँकेत गेले होते, मला त्यांनी जाता जाता मैदानावर सोडलं होतं. रविवारी बँक कशी असेल? म्हणजे आदला दिवस, शनिवार होता. "मग शनिवार," ताई म्हणाल्या. "दुसऱ्या बैठकीत सांग. आन हा शनिवार त्याला बी सांगावा लागंल, त्याला बी शोधू दे त्या दिवशी तो कुठं होता ते. न्हाय सापडला, तर मग तुझं बोलनं कसं घट्ट होईल बघ."

तो जिना उतरताना पहिल्यांदा मला कळलं की ही बाई त्याला माझ्यापासून वाचवायला मध्ये उभी नव्हती. पण दुसरी बैठक झालीच नाही.

त्याआधीच अध्यक्षांनी आणि गावातल्या चार मोठ्यांनी प्रकरण 'मिटवलं'. मला आणि आईला देवळात बोलावलं, म्हणे समितीचं काम आहे. तिथे समितीतलं कोणी नव्हतं. देवासमोर नारळ होता. सरांनी नारळावर हात ठेवून सांगितलं, मी काही केलं नाही. नारळ फोडला. अध्यक्ष म्हणाले, आता हा विषय कोणी काढायचा नाही, देवाच्या समोर झालंय. आणि मग प्रसाद वाटला. माझ्या हातातही खोबऱ्याचा तुकडा आला. मी तो धरून उभी. टाकायचा कसा, प्रसाद आहे. खायचा कसा?

ताईंना कोणीतरी सांगितलं असावं, त्या मैदानावरून तशाच आल्या, गळ्यात शिट्टी. मी त्यांना एवढ्या मोठ्याने बोलताना खेळ सोडून कधी ऐकलं नव्हतं.

"देवाला पंच केलंत? मग तुमी कनाला बसलाव खुर्चीवर?"

"कुंदे, गावची रीत हाय ही," अध्यक्ष म्हणाले.

"शेताच्या बांधाची रीत हाय ती! पोरीच्या अंगाची न्हाय!"

सर हळूच म्हणाले, "मावशी, मिटलं ना आता. सोड ना."

ताई त्याच्याकडे वळल्या. मला वाटलं हात उगारतील. पण आवाज खाली आला. "तुझं बी न्हाय मिटलं, बाळा. तू सुटला न्हायस. उद्या खरंच काय केलं नसंल तरी लोक तुझ्याकडं बघून नारळच आठवतील. आन केलं असंल तर... तर तू देवाला पन फसवलंस." त्यांनी माझ्या हातातलं खोबरं घेतलं, देवापुढे परत ठेवलं आणि आईला म्हणाल्या, "चला, वहिनी."

मी आजही क्लबच्या लेखी ती मुलगी आहे जिने रविवार सांगितला. माझा शनिवार कोणी ऐकलेला नाही. सर महिन्याभरात परत मैदानावर आले, आधी मुलांच्या, मग मुलींच्या. ताईंनी क्लब सोडला. बहिणीने त्यांच्या घरी येणं टाकलं, गणपतीतसुद्धा. मी कबड्डी सोडली, नोकरीला लागले. ताई मला फोन करायच्या, थंडीत मडक्यात शेंगा भाजल्या की पोपटीला बोलवायच्या, जवळ्याची चटणी आईसाठी पाठवायच्या. पण त्या विषयावर नंतर एक अक्षर बोलल्या नाहीत. मला वाटलं, थकल्या. वाटलं, शेवटी रक्त ते रक्त. शेवटचं भेटले तेव्हा त्यांनी विचारलं, "खेळतंस का गो?" मी नाही म्हटलं. "हां..." एवढंच म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

शोकसभा क्लबच्या हॉलमध्ये झाली. फोटोला हार सरांनी घातला. अध्यक्ष बोलले, "कुंदाताईंनी क्लबात कधी वाद वाढू दिला न्हाय. सगळ्यांना सांभाळून घेतलं." माझ्या पुढच्या रांगेत बारा-तेरा वर्षांच्या मुली पांढऱ्या टी-शर्टात बसल्या होत्या, त्यांना ताई कोण तेही नीट माहीत नसावं. वजनं कोण घेतं, असं मी त्यातल्या एकीला हळूच विचारलं. "सर," ती म्हणाली, हे काय विचारायचं असतं, अशा सुरात. मी उठून बाहेर आले.

दुसऱ्या सोमवारी रजा घेऊन मी क्लबच्या वरच्या संघटनेच्या ऑफिसात गेले, भाईंदर पश्चिमेला, एका जुन्या इमारतीत. अर्ज घरूनच लिहून नेला होता. त्यात एवढंच मागितलं : दुसरी बैठक लावा, बाहेरची माणसं नेमा, तोवर सरांना मुलींपासून दूर ठेवा, माझा शनिवार त्यांना कळवा आणि त्यांचंही म्हणणं पूर्ण ऐका. शेवटचं वाक्य लिहिताना पेन थांबलं होतं. तरी लिहिलं. टेबलामागच्या माणसाने वरवर वाचलं. "मॅडम, एवढं जुनं प्रकरण. ते तर गावात मिटलंय ना? साहेब आज नाहीत. पुढच्या आठवड्यात बघा."

मी नेहमीसारखी 'बरं' म्हणून वळणार, तेवढ्यात चहाचे कप गोळा करणारा म्हातारा शिपाई थांबला. "गोडदेवचंच ना हे? वजनाच्या खोलीचं?" त्याने टेबलामागच्या माणसाकडे बघितलं. "ती बाई यायची ना, तिचंच." मग मला म्हणाला, "दर महिन्याला यायची. डब्यात भिजवलेले वाल आणायची आणि तिथे बसून सोलायची, साहेब येईपर्यंत. एकच बोलायची, दुसरी बैठक लावा. मागच्या महिन्यापासून आली नाय."

"वारल्या त्या," मी म्हटलं.

त्याने हातातले कप टेबलावर ठेवले. "अरेरे... मी एकदा विचारलेलं तिला, मावशी, तू कोणाकडून येतेस? पोराकडून का पोरीकडून? बोलली, दोघांकडून."

इतकी वर्षं. मला एका शब्दाने न सांगता. ताई, मी तुमच्यावर पण चिडलेय, हे तुम्हाला कळायला हवं होतं. मी बरोबर आले असते. तुम्हाला बरोबर कोणीतरी हवं होतं.

"मॅडम, पुढच्या आठवड्यात या," टेबलामागचा माणूस परत म्हणाला.

खिडकीखाली एक लाकडी बाक होता, एका टोकाला बसून बसून गुळगुळीत झालेला. मी पर्स मांडीवर घेतली आणि त्या टोकाला बसले.

"नाही," मी म्हटलं, त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "साहेब येईपर्यंत मी बसते."