तेरा अक्षरांचं प्रूफ

"हे तुम्ही दोघं मोठमोठ्यानं काय म्हणत बसता?" इन्स्पेक्टरनं दारातूनच विचारलं.

औरंगपुऱ्यातल्या एका प्रेसमध्ये मी प्रूफरीडर होतो. शहरात विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन पेटलेलं, जमावबंदी लागलेली. प्रेसमध्ये एक बाई आणि एक माणूस दार लावून सांकेतिक भाषेत बोलतात, असं शेजारच्या गिरणीवाल्यानं ठाण्यात कळवलं होतं.

त्याचं तरी काय चुकलं? मला स्वतःलाच त्या कामाचा संशय होता. चिकलठाण्याच्या एका औषध कंपनीची ऑर्डर होती. जुलाबावरच्या पावडरीचं पत्रक, जायचं होतं पॅसिफिक समुद्रातल्या किरिबाती बेटांवर. भाषा गिल्बर्टीज. लिपी इंग्रजीचीच, पण अक्षरं फक्त तेरा, त्यातही एन आणि जी मिळून एक. एस नाहीच. टीपुढे आय आला की टीचा उच्चार 'स' करायचा. म्हणून लिहायचं किरिबाती आणि म्हणायचं किरिबास. एक्स्पोर्ट मॅनेजरनं उच्चारांचा कागद दिला तेव्हा मी विचारलंही, साहेब, तुम्हाला कोणी बनवत तर नाही ना?

मूळ मजकूर मोठ्यानं वाचणाऱ्याला आमच्याकडे कॉपीहोल्डर म्हणतात. तो वाचतो आणि प्रूफरीडर छापलेल्या कच्च्या कागदावर, म्हणजे प्रुफावर, डोळा ठेवतो. आमच्या कॉपीहोल्डर सुशीलाबाई. मुकुंदवाडीहून यायच्या.

इन्स्पेक्टरला हे सगळं सांगितलं. त्यानं कंपनीत फोन लावला. मग उच्चारांचा कागद घेऊन स्वतःच दोन ओळी वाचून पाहिल्या. त्याला पटलं. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात त्यानं बाईंना आडनाव विचारलं. ते ऐकल्यावर त्याचा सूर बदलला. काल दुपारी मोर्चाच्या वेळी एसटीवर दगडफेक झाली होती. तेव्हा तुम्ही कुठं होता, म्हणाला.

"हितंच होते. वाचत होते."

"चला, ठाण्यात सांगा."

बाईंनी पिशवी उचलली. माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, "साहेब, काल दुपारभर मी हेच पत्रक तपासत होतो, ही बघा तारीख-वेळ टाकलेली प्रुफं. म्हणजे बाई इथंच होत्या. हे एकट्याचं काम नाही."

त्याला ती थाप वाटली. त्यानं न तपासलेल्या पानाचं प्रूफ मागवलं आणि मला एकट्याला तपासायला लावलं. मराठी मी एकटा तपासतो, तिथं डोळ्याला सवय असते. इथं सगळे शब्द सारखेच दिसायला लागले. जीव ओतून एक चूक काढली.

मग बाई वाचायला बसल्या. या भाषेत एम किंवा एन जोडीनं आला की आवाज लांबवायचा. बाईंनी तो नेमका लांबवला आणि मला प्रुफात एकच एन दिसला. पुढं चुका निघतच गेल्या.

इन्स्पेक्टर बघत उभा होता. शेवटी टोपी घालून एकटाच निघून गेला.

मी बाईंना पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "मास्तर, मला काल मोर्च्याला जायचंच व्हतं. या कामापायी राहिलं. पुढच्याला मी जाणार हाय. तवा माझ्यासाठी खोटं बोलू नका."

मी बरं म्हणालो.

पत्रकं वेळेत बेटांवर गेली. मी या धंद्यात एवढं शिकलो, की अक्षरांवरचा संशय नियम दाखवले की फिटतो. आडनावावरचा संशय फिटत नाही, तिथं दर वेळी साक्षीदार लागतो.