चार सिनेमांतली म्हातारी

श्रीनिवासरावांनी आयुष्यात एक ओळ लिहिली नाही, पण चार कादंबऱ्यांचे सिनेमे त्यांच्या तोंडून झाले.

म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरममधल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत ते एकतीस वर्षं देवघेवीच्या खिडकीशी बसले. लोक पुस्तकं न्यायचे आणि बहुतेक जण न वाचता परत आणायचे. परत आलेलं पुस्तक उपाशी दिसतं, असं श्रीनिवासरावांना वाटे, म्हणून ते स्वतः वाचत. पिरियापट्टणच्या तंबाखूच्या भट्ट्यांवरची एक जाडजूड कानडी कादंबरी असाच एक दिग्दर्शक परत करायला आला.

"वाचली?"

"वेळ कुठे आहे सर? आणि सोमवारी निर्मात्याला गोष्ट सांगायचीय."

"रविवारी घरी या," श्रीनिवासराव म्हणाले.

रविवारी पुढच्या खोलीतल्या दिवाणावर मांडी घालून त्यांनी ती साडेचारशे पानं तीन तासांत सांगितली. दिग्दर्शक वहीत लिहीत राहिला. वर्षभराने सिनेमा लागला. त्यानंतर सिनेमावाल्यांत बोलबाला झाला की कादंबरी वाचवत नसेल तर म्हैसूरला जावं, तिथे एक मराठी गृहस्थ ती जशीच्या तशी सांगतात. बेळगोळच्या कारखान्यातल्या संपाची कादंबरी, विहिरीत उडी घेणाऱ्या मास्तरणीची, वेड्या मूर्तिकाराची. सगळ्यांचे शेवट वाईट. चांगल्या शेवटाची कादंबरी सिनेमावाले स्वतःच वाचत असावेत.

श्रीनिवासरावांच्या आजोबांचा कापड रंगवायचा धंदा. गिऱ्हाइकाने सांगितलेलाच रंग द्यायचा, आपल्या आवडीचा नाही, हा घरचा कायदा. तो श्रीनिवासरावांनी कादंबरीला लावला. नायिका मरत असेल तर ते तिला मरू देत. रडू आलं तर थांबत, डोळे पुसत आणि मग मारत.

निवृत्तीनंतर हेच त्यांचं काम उरलं होतं. बाकी दिवस म्हणजे दुधाची पिशवी, रक्तदाबाची गोळी आणि भिंतीवरून हळूहळू खाली उतरणारं ऊन.

मग एका मंगळवारी पावनी आली. विद्यापीठात संशोधन करणारी मुलगी, विषय 'कादंबरी आणि तिचा सिनेमा'. घरी मराठी बोलणाऱ्यांतलीच, पण तिचं मराठी दर तिसऱ्या शब्दाला कानडीचा टेकू घेत होतं.

"सर, मी चारही कादंबऱ्या वाचल्या, चारही सिनेमे नोडले... पाहिले," ती म्हणाली. "चारही सिनेमांत एक म्हातारी आहे."

"असेल."

"कादंबरीत नाही. एकाही कादंबरीत नाही. शेवटी कोणीतरी मरायला निघतं, तेवढ्यात ही कुठून तरी येते, हातात खायला काहीतरी, आणि म्हणते, आधी खाऊन घ्या. ते खातात. मग मरतात."

"दिग्दर्शक लोक भर घालतात हो," श्रीनिवासराव म्हणाले. "मलाही नाही आवडली ती. तंबाखूच्या भट्टीत चित्रान्नाचा भात घेऊन कोण येतं?"

"माझ्या गाईडनी तिच्यावर चौतीस पानं लिहिलीत. मृत्यूच्या दारातली आदिमाता." पावनीने पुढचं वाक्य जरा अडखळत उच्चारलं. "पण दिग्दर्शक चार वेगळे, सर. एकमेकांशी बोलतही नाहीत. मी चौघांना विचारलं. चौघं म्हणाले, म्हातारी मूळ पुस्तकातच आहे. श्रीनिवासराव सरांनी स्वतः सांगितली."

श्रीनिवासराव ताठ बसले.

"म्हणजे मी घातली?"

"चौघांत कॉमन तुम्हीच ना सर. मी तसं लिहिलंय. पुढच्या महिन्यात द्यायचंय."

विश्वासू माणसाला चोर म्हटलं की तो आधी स्वतःचे खिसे तपासतो. श्रीनिवासरावांनी ती रात्र आपण सांगितलेल्या चारही कादंबऱ्या मनात पुन्हा सांगून काढली. म्हातारी कुठेच नव्हती. पण चार माणसं खोटं कशाला बोलतील? आपल्या तोंडून आपल्यालाच न कळता काही निघत असेल, तर आजवर सांगितलेल्या सगळ्यावरच पाणी. सकाळी त्यांनी पावनीला फोन केला.

"रविवारी साकेत म्हणून एक नवा दिग्दर्शक येतोय. पुस्तक घेऊन बस. ओळ न् ओळ ताडून बघ. एक शब्द जास्तीचा सापडला तर माझं नाव छाप, आणि मी हे बंद करतो. नाही सापडला तर ते पान फाड."

"बंद कशाला, सर?"

"रविवारी ये," ते म्हणाले.

रविवारी साडेनवाला साकेत दिवाणासमोरच्या खुर्चीत वही उघडून बसला. पावनी कोपऱ्यात पुस्तक आणि पेन्सिल घेऊन. आतून तव्याचा आवाज येत होता, तिथे श्रीनिवासरावांच्या पत्नी कमलाक्षी होत्या. कादंबरी रघूत्तम नावाच्या गवयाची. त्याचा आवाज जातो, शिष्य जातात, बायको जाते, आणि शेवटी तो पहाटे रेल्वेच्या रुळावर जाऊन आडवा होतो.

श्रीनिवासराव कानडीत सांगू लागले. पावनीची पेन्सिल पानामागून पान खाली सरकत होती. तासाभराने तिने खूण केली, सगळं बरोबर. दुसऱ्या तासाने पुन्हा. आज श्रीनिवासराव पोलिसासमोर गाडी चालवावी तसे सांगत होते, रडायची जागा आली तरी रडले नाहीत. बाराच्या सुमाराला रघूत्तम रुळाशी पोचला.

"त्याने कान रुळावर ठेवला. लोखंड थंड होतं. लांबवरून एक बारीक थरथर आली. आयुष्यभर शोधलेला षड्ज आपल्याला इथे..."

"झालं का?" कमलाक्षी दारात उभ्या. हातात अक्की रोट्टीचं ताट, तांदळाच्या गरम भाकऱ्या. पाहुण्यांना कळावं म्हणून त्या कानडीत बोलत होत्या. "मोदलु तिन्नी, सगळे आधी खाऊन घ्या. मग काय ते."

"कमला, तो रुळावर झोपलाय!"

"मग उठवा त्याला. रोट्टी गार होते. गार रोट्टी चामड्यासारखी लागते."

"गाडी येतेय, अगं!"

"आपल्याकडची गाडी कधी वेळेवर आलीय? खाऊन होईल तोवर."

सगळ्यांनी खाल्लं. सोबत नारळाची चटणी होती. कमलाक्षी रिकामी ताटं घेऊन आत गेल्या, श्रीनिवासरावांनी हात पुसले आणि रघूत्तमावरून गाडी नेली.

साकेतचे डोळे भरले होते. "काय शेवट आहे, सर," तो म्हणाला. "विशेषतः ती म्हातारी."

पावनीची पेन्सिल खाली पडली. "कुठली म्हातारी?"

"रोट्टीवाली. रुळावर येते ती." साकेतने वही पुढे केली. लिहिलं होतं: रूळ, पहाट, कान, म्हातारी, रोट्टी, गाडी.

"पुस्तकात नाहीये ती."

"असं कसं? सरांनी आत्ता सांगितलं की."

"मी?" श्रीनिवासराव ओरडले. मग सगळे स्वयंपाकघराकडे पाहू लागले.

"तंबाखूच्या कादंबरीला चित्रान्न केलं होतंस का गं?" श्रीनिवासरावांनी हळूच विचारलं.

"केलं असेल. लिंबं होती म्हणून." कमलाक्षी पदराला हात पुसत आल्या. "आणि त्या विहिरीवालीच्या दिवशी अवरेकाळूचं, पावट्याचं, उप्पिट. का?"

पावनी हसायला लागली आणि तिला थांबता येईना. "अज्जी, चार सिनेमांत तुम्ही आहात."

"मी? काहीतरीच! एक पाहिलाय मी, ह्यांच्याबरोबर. ती म्हातारी महा आगाऊ. लोक मरतायत आणि हिचं आपलं जेवा, जेवा."

श्रीनिवासराव दिवाणावर टेकले. ते निर्दोष ठरले होते. त्यांनी एक शब्द वाढवला नव्हता, आणि पावनीने वहीतलं ते पान त्यांच्यासमोर टरकन फाडलं. पण आनंद पुरता पोचेना. चार थिएटरांच्या अंधारात ही बाई पंचवीस फूट मोठी होऊन समोर उभी राहिली होती, घरचंच वाक्य बोलत होती. आणि एकदा तर आपण तिच्याच शेजारी बसून पुटपुटलो होतो, पुस्तकात नाही ही.

"मग काढायची का सर?" साकेतने पेन उघडलं. "तुम्ही म्हणाल तसं."

टेबलावरचा नसलेला डाग कमलाक्षी पुसू लागल्या.

"पुस्तकात नाही," श्रीनिवासराव म्हणाले.

"काढा की मग. मला काय!" कमलाक्षी आत गेल्या. आतून एक भांडं गरजेपेक्षा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

साकेतने पेन वहीला टेकवलं.

"थांबा हो!" श्रीनिवासराव म्हणाले. "पुस्तकात नाही एवढंच म्हटलं मी. काढा कुठे म्हटलं? कादंबरी मी सांगितली ती कादंबरी. सिनेमा तुमचा."

"म्हणजे ठेवू?"

"मला विचारू नका. मी पुस्तकाचा माणूस." त्यांनी घसा साफ केला आणि आत ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, "पण मरणाऱ्याला कोणीतरी जेवायला विचारलं, तर त्यात लेखकाचं काही बिघडत नाही."

पावनी नव्या पानावर लिहू लागली होती. "अज्जी, तुमचं पूर्ण नाव सांगा ना."

"कशाला? रेशन कार्डाला?" आतून आवाज आला. मग पुन्हा, साकेतला उद्देशून, स्वच्छ कानडीत: "आणि ताट स्टीलचं घ्या हो. मी पाहिला त्या सिनेमात केळीचं पान दिलं होतं तिला. रुळावर पान उडून जाईल, वारा असतो तिथे."